दिवेवाली रुग्णवाहिका, बंब आणि ट्रक १:८७ मध्ये: काही महिने वापरल्यानंतर

उन्हाळ्यात माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर लावलेला १:८७ च्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या, दिवेवाल्या गाड्यांचा संच दिवाळीपर्यंत जवळजवळ बंद पडला. आधी रुग्णवाहिकेचे हेडलाइट गेले, मग बंबाचे. शेवटी पोलिसांच्या गाडीच्या टपावरची निळी बाजू मंद होत होत दिसेनाशी झाली. लाल बाजू अजून ठणठणीत आहे. विक्रेत्याचं म्हणणं, तुम्ही व्होल्टेज जास्त दिलंत. खोक्यातल्या कागदावर छापलंय ९ ते १२ व्होल्ट डीसी, आणि दिले होते १२. बारा हा आकडा नऊ ते बारामध्ये येतो की नाही, यावर ज्याला वाद घालायचाय त्याने खुशाल घालावा. इथे गाड्या उघडल्यावर आत काय निघालं आणि त्यावर काय करायचं ते लिहितो. नाव देत नाही, कारण हाच माल वेगवेगळ्या खोक्यांतून विकला जातो. संच तुमच्याकडे असेल तर पहिल्या नजरेतच ओळखाल.

रुग्णवाहिकेचं छत गोंदाने चिकटवलेलं नाही, चार खाचांवर बसलेलं आहे. पातळ पात्याने कडेकडेने उचकलं की निघतं. आत बोर्डावर हेडलाइटच्या एलईडीशेजारी ०६०३ या बारीक मापाचा रेझिस्टर आहे आणि त्यावर ४७१ छापलंय. म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० ओहम. पांढरी एलईडी साधारण ३ व्होल्ट खाते, उरलेले ९ या रेझिस्टरच्या माथी. नऊ भागिले ४७० केलं की १९ मिलिअँपिअर येतात, आणि रेझिस्टरमध्ये ०.१७ वॉट उष्णता. या मापाचा रेझिस्टर सहसा ०.१ वॉटचा असतो, तोही मोकळ्या हवेत. इथे तो बंद प्लास्टिकच्या खोक्यात भाजतोय. ९ व्होल्टवर हाच हिशेब ०.०८ च्या आत येतो, म्हणजे विक्रेता चूक बोलत नाही, कागद चूक बोलतो. टपावरचे दिवे लुकलुकणारे, त्यांच्या रेझिस्टरला अर्धा वेळ तरी उसंत मिळते. हेडलाइट कायम चालू, म्हणून आधी तेच जातात. एवढ्याशा एलईडीला २० मिलिअँपिअरच्या कमाल मर्यादेपाशी चालवलं की आयुष्य घटतंच, आणि निळ्या उजेडाने तिच्यावरचं आवरण लवकर पिवळं पडतं. लालला तो त्रास नाही.

इलाज स्वस्त आहे. ४७१ काढून ४७२, म्हणजे ४.७ किलोओहम लावा. करंट दोन मिलिअँपिअरच्या आत येतो, उष्णता जवळजवळ शून्य. उजेड फार कमी होईल अशी शंका येईल, पण खोलीतला दिवा बंद केल्यावर १:८७ च्या गाडीला तेवढाही जास्तच वाटतो.

गाड्या उघडेपर्यंत या संचाला एकच स्टार द्यायचा विचार पक्का होता. उघडल्यावर तो बदलावा लागला, कारण बॉडी खरोखर चांगली आहे. बंबाची रुंदी कॅलिपरवर २९ मिमी, म्हणजे खऱ्यात अडीच मीटर. चाक १२ मिमी, आणि १०.००-२० चा टायर खऱ्यात साधारण एक मीटर पाच सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे तेही बरोबर. बाजूची शटर, शिडीचे दांडे, होजची तोंडं नीट कोरलेली. साच्याच्या जोडरेषा पुसट आहेत. कचरा आहे तो फक्त आतला बोर्ड आणि तारा. म्हणून सल्ला सरळ आहे: दिवेवाली आवृत्ती घेऊ नका. त्याच साच्याची बिनदिव्याची गाडी मिळते, निम्म्याहून कमी पैशांत. दिवे आपले आपण घाला. ०६०३ ची सुटी एलईडी दोन-तीन रुपयांना पडते, आणि संचातल्या दिव्यांसाठी जे मोजलेत त्या पैशांत अख्खं बसस्थानक उजळेल.

आता माझ्या मते या संचाचा सगळ्यात मोठा दोष. इतर लोक याकडे ढुंकूनही बघत नाहीत, मला मात्र दुसरं काही दिसत नाही. टपावरची लाल-निळी पट्टी लागली की रुग्णवाहिकेचं अख्खं छत उजळतं. पांढरं प्लास्टिक, भिंत जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे गाडी आतून पेटलेल्या आकाशकंदिलासारखी दिसते. खऱ्या रुग्णवाहिकेचा पत्रा उजेड पिऊन बाहेर सोडत नाही. चाकं अचूक, शिडी अचूक, आणि छत गुलाबी-निळं होतंय. एवढ्या एका गोष्टीने सगळं खेळणं होऊन जातं.

बरेच जण आतून काळा रंग मारतात. नुसता काळा मारू नका, पांढरं प्लास्टिक बाहेरून मळकट राखाडी दिसू लागतं. आधी चंदेरी ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, ते पूर्ण वाळल्यावर मॅट काळ्याचे दोन, आणि जिथे एलईडी बसते तिथे त्यावर परत चंदेरी, म्हणजे उजेड पट्टीकडेच परततो. ब्रश चालत नसेल तिथे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावता येते, एसी दुरुस्तीवाले डक्टला लावतात तीच. मात्र ती वीजवाहक आहे, म्हणून ती आणि एलईडीची टोकं यांच्यामध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पट्टी) हवीच. खिडक्यांच्या काचा आधी काढून ठेवा. त्या परत बसवताना सुपरग्लू वापरलात तर त्याच्या वाफेने काच आतून दुधाळ होते. फेव्हिकोलचा टिपका पुरतो.

एवढं करूनही पट्टीभोवती उजेडाचं कडं राहतं, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ते कडं भिंतीतून येत नाही, भोकाच्या कडेतून येतं. पट्टीसाठी छताला पाडलेल्या भोकाची उभी कड उघडं प्लास्टिक असते. एलईडीचा उजेड तिथून शिरतो आणि छताच्या जाडीतूनच पसरतो. आतून कितीही रंग द्या, उपयोग नाही. टूथपिकच्या टोकावर काळा रंग घेऊन भोकाची कड गोल रंगवा. पट्टीच्या बुडालाही, एलईडीसमोरची जागा सोडून, काळी रेघ ओढा. मग दिवा दिवा दिसतो आणि छत छत. लाल बंबाला हा त्रास कमी आहे, पण तिथेही निळी पट्टी लागली की कडेला जांभळट झाक येते. थ्रीडी प्रिंटच्या रेझिन बॉडीत तर जास्तच, कारण रेझिन पातळ भिंतीत आणखी पारदर्शक असतं.

पट्टीच्या रंगाबद्दल थोडक्यात. मे २०१७ पासून लाल दिव्याची मिरवणूक संपली. आता बंब, पोलीस आणि आपत्तीच्या कामातल्या गाड्यांना लाल, निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची पट्टी असते. जर्मन मॉडेलांवर मात्र नुसती निळी येते. निळ्या एलईडीवर लाल पारदर्शक रंग चढवून लाल उजेड मिळत नाही, तो रंग निळा उजेड अडवतो आणि अंधार उरतो. अर्ध्या पट्टीखाली लाल एलईडीच घालावी लागते.

लुकलुकणं. संचातल्या तिन्ही गाड्या एकाच बोर्डावर जोडल्या तर तिन्ही एकाच क्षणी लागतात आणि विझतात, आणि हे कुठल्याच रस्त्यावर होत नाही. ५५५ या टायमर चिपने काम भागतं: ४.७ के (किलोओहम), ३३ के आणि १० मायक्रोफॅरड घेतले तर सेकंदाला साधारण दोन झपके, चालू-बंद जवळपास समसमान. पण खरी पट्टी समसमान लुकलुकत नाही. ती दोनदा झटकन चमकते, थांबते, मग दुसरी बाजू चमकते. त्यासाठी एटीटायनी ८५ ही कोड चढवता येणारी छोटी चिप घ्या. ५० मिलिसेकंद चालू, ५० बंद, परत ५० चालू, मग दुसऱ्या रंगाकडे. रीसेटची पिन सोडून पाच पिना मिळतात, म्हणजे एका चिपवर दोन गाड्यांचे लाल-निळे आणि पाचव्या पिनवर बाजूला थांबलेल्या ट्रकचा इंडिकेटर, मिनिटाला ९० च्या आसपास. दोन गाड्यांची आवर्तनं मुद्दाम वेगळी ठेवा, एकीचं ६२० मिलिसेकंद तर दुसरीचं ७१०, मग त्या कधीच फार वेळ ताळात राहत नाहीत. कोड चढवल्यावर सगळं आठपट सावकाश चालत असेल तर कोडात दोष शोधू नका. नवी चिप १ मेगाहर्ट्झवर येते आणि तुम्ही ८ धरून कंपाइल केलेलं असतं. बूटलोडर बर्न करा, फ्यूज (चिपचा वेग ठरवणाऱ्या सेटिंग्ज) जागेवर येतात.

ही चिप ५ व्होल्टवर चालवा. १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरमागे एलएम२५९६ चा बक (व्होल्टेज उतरवणारा) मॉड्यूल लावा, आणि गाडी जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत ५.० वर आणा. मॉड्यूल खोक्यातून कितीवर सेट होऊन येईल याचा नेम नसतो. ५ व्होल्टवर लाल एलईडीला दीड के, निळी डोळ्यांत जास्त खुपते म्हणून तिला २.२ के. रुळाच्या विजेवर गाड्या जोडायचा मोह टाळा. डीसीसीमध्ये (रुळातूनच डिजिटल आज्ञा देण्याच्या पद्धतीत) रुळावर १४-१५ व्होल्ट दिशा बदलत येतात, आणि उलट्या दिशेने पाच व्होल्टच्या वर बहुतेक एलईडींना झेपत नाही.

तारा बदलाच. संचातली तार चासिसच्या भोकापाशी तुटते, कारण धूळ पुसायला गाडी उचलली की ताण नेमका तिथेच येतो. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ४० नंबरची एनॅमल तार मिळते, जाडी ०.१२ मिमी, आणि थोडीशी हवी असली तर काहीजण तशीच देतात. मात्र मोटारीच्या तारेवरचं एनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेने जळत नाही. टोक ब्लेडने खरवडून तांबं उघडं करा, नाहीतर वरून जोड सुंदर आणि आतून प्रवाह नाही. भोकापाशी तारेचा एक वळसा घालून त्यावर फेव्हिकोलचा थेंब ठेवला की ताण जोडावर जात नाही.

सायरन? आहे, मिळतो, एमपीथ्री मॉड्यूलवर छान वाजतोही. नको.

आता गाड्या घ्यायच्या कुठल्या. हेर्पा, विकिंग, रीत्से, बुश या जर्मन कंपन्यांचं काम उत्तम, पण इथे पोचेपर्यंत किंमत तोंडाला फेस आणते. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि स्केल मॉडेलं सीमाशुल्काच्या ९५०३ या त्याच मथळ्याखाली येतात. म्हणून लोक १:७६ किंवा १:६४ कडे वळतात. वळण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा: राजधानीला असतात त्या एलएचबी डब्याची रुंदी ३.२४ मीटर, १:८७ मध्ये ३७ मिमी. अडीच मीटरचा ट्रक १:८७ मध्ये २९, १:७६ मध्ये ३३, आणि १:६४ मध्ये ३९. म्हणजे १:६४ चा ट्रक फाटकात डब्याशेजारी उभा केला तर तो राजधानीपेक्षा रुंद दिसतो. कोणी म्हणेल, रूळ तरी कुठे खरे आहेत? ब्रॉडगेजचे १६७६ मिमी ८७ ने भागले तर १९.३ येतात आणि आपण गाडी पळवतो १६.५ वर. खरं आहे. पण गेज बाजूने दिसत नाही, ट्रक दिसतो.

खेळण्यांच्या दुकानातही माल सापडतो, फक्त खिशात कॅलिपर हवा. छोट्या डायकास्ट गाड्या स्केलवर नसतात, त्या खोक्यात मावतील अशा बनतात. त्यामुळे कार १:६४ च्या आसपास आणि बंब किंवा टँकर आपसूक १:९० च्या जवळ जातो. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचू नका. रुंदी २८ ते ३० आणि चाक ११ ते १२ भरलं की उचला. चाक मोठं असेल तर ठेवा तिथेच, बॉडी कितीही चांगली असो. खालचे रिव्हेट ३ मिमीच्या बिटने डोकं उडवून काढा, परत जोडायला एम२ चा स्क्रू. बॉडी धातूची असल्याने एलईडीची टोकं तिला टेकली की शॉर्ट, तिथेही कॅप्टॉन टेप.

पोलिसांच्या गाडीला पर्याय नाही, कारण आपल्याकडे बोलेरो हवी आणि ती बाहेरचं कोणी बनवत बसत नाही. नाशिकच्या कारखान्यात बनणारी गाडी नाशिकच्या लेआउटवर नसावी हेही बरं दिसत नाही. ३९९५ × १७४५ × १८८० मिमी, म्हणजे १:८७ मध्ये ४६ × २० × २१.६. रेझिनमध्ये ०.०५ मिमीच्या थराने प्रिंट करून घ्या, भिंत किमान १ मिमी ठेवा.

आयात गाड्यांत आणखी एक गोची. स्टिअरिंग डावीकडे असतं. चालक बसवून आणि स्टिअरिंगचं चाक कापून उजवीकडे चिकटवून ते निभावतं. पण रुग्णवाहिकेचं सरकतं दार उजव्या अंगाला असतं, कारण त्यांचा फुटपाथ उजवीकडे. आपल्या रस्त्यावर तो रुग्ण थेट वाहतुकीत उतरेल. दार बदलणं म्हणजे बॉडी कापणं. त्यापेक्षा गाडी अशी उभी करा की उजवी बाजू भिंतीकडे जाईल, आणि पाहणाऱ्याला डावी बाजू किंवा मागची दारंच दिसतील.

ट्रकच्या बाबतीत मात्र विकतचा रंग ठेवूच नका. मनमाडजवळच्या पानेवाडीसारखी तेलाची सायडिंग (डेपोत जाणारा बाजूचा रूळ) करत असाल तर टँकरला नियमाचा आधार आहे. नॅशनल परमिटच्या ट्रकला जुन्या नियमात वाळल्या पानाचा तपकिरी रंग आणि पांढरी जाड किनार असायची. धोकादायक मालाचा टँकर मात्र पांढरा, आणि जुन्या नियमात मधोमध त्याच तपकिरी रंगाची ५ सेंटिमीटरची पट्टी असायची. १:८७ ला ती ०.५७ मिमी होते. हाताने जमत नाही, डेकलच (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) हवं. पेट्रोलच्या फलकावर यूएन क्रमांक १२०३. व्यावसायिक नंबरप्लेट ३४० × २०० मिमी, म्हणजे ३.९ × २.३, पिवळ्यावर काळी अक्षरं, एमएच १५ किंवा मालेगावची एमएच ४१. बंबाच्या दारावर ‘अग्निशमन दल’ आणि नाशिक महानगरपालिका आलीच, शिंगाडा तलावाच्या मुख्यालयातल्या गाड्यांवर अक्षरांची मांडणी पाहून घ्या. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पारदर्शक डेकलवर छापलेलं पिवळं लाल बॉडीवर गायब होतं, म्हणून पांढऱ्या पाठीचा कागद वापरा आणि अक्षरांच्या कडेला लागून कापा. इंकजेटवर छापलं असेल तर पाण्यात बुडवण्याआधी पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन-तीन हात, नाहीतर रुग्णवाहिकेवरची उलटी अक्षरं पाण्यात वाहून जातात.

लासलगावकडचा कांदा भरायचा तर रवा किंवा राजगिरा घालू नका. कांदा सहा सेंटिमीटरचा, मॉडेलमध्ये ०.७ मिमी, राजगिरा त्याहून मोठा दिसतो आणि रव्यात पावसाळ्यात किडे होतात. चाळलेली वाळू तांबूस-गुलाबी रंगवून घ्या. भरलेल्या ट्रकचे मागचे टायर खालून ०.३ मिमी घासले की तो बसल्यासारखा दिसतो. रिकामा ट्रक मात्र तसा घासू नका.

काही महिन्यांनंतर दिसलेलं आणखी एक: मऊ व्हिनाइलचे टायर रस्त्याच्या स्टायरीनला चिकटतात. टायरमधला मऊ करणारा पदार्थ प्लास्टिकमध्ये झिरपतो आणि गाडी उचलली की खाली वितळल्यासारखे खड्डे राहतात. चासिसखाली पिन लावून गाडीचं वजन पिनेवर घ्या, टायर रस्त्याला नुसते टेकलेले दिसले पाहिजेत. पश्चिमेच्या खिडकीसमोर लाल बंब ठेवू नका, त्याची छताकडची बाजू आधी नारिंगी पडते.

विक्रेत्याने शेवटी बदली बोर्ड पाठवले, एवढं श्रेय त्याला. सोबतच्या नव्या कागदावर १२ खोडून ९ केलेलं नाही. बोर्डावरचा रेझिस्टर भिंगाखाली पाहिला: ४७१.